सव्वापाच आणि बावीस मिलिमीटरचा माणूस

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता, उट्रेख्तजवळच्या एका हॉलमध्ये मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन उघडलं. दहा वाजून पाच मिनिटांनी सव्वापाचांनी आपल्या टेबलाच्या पायाला चार मीटरची दोरी बांधली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एकवीस मिलिमीटर रुंदीचं पितळी माप होतं. शेजारच्या टेबलापर्यंतचं अंतर साडेतीन मीटर होतं. ते त्यांनी आदल्या संध्याकाळी मोजून ठेवलं होतं.

दोरीजवळ एक कार्ड उभं केलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'कृपया रूळ मोजून पाहा. शेजारचेही चालतील.' मजकूर त्यांचा, डच भाषांतर माझं. 'कृपया' मी घातलं होतं.

सव्वापाच हे त्यांचं आडनाव नव्हे. फोरबर्गमधल्या आमच्या रस्त्यावर सहा मराठी घरं आहेत, त्यांनी ठेवलेलं ते नाव. त्यांची उंची पाच फूट तीन इंच होती. आयर्लंडच्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतरही तेवढंच, म्हणजे सव्वापाच फूट. नाव त्यांना आवडायचं. "तिथल्या रुळांत आडवा झोपलो तर डोकं एका रुळाला टेकेल, टाच दुसऱ्याला," असं ते नव्या पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. मग वहिनी आतून ओरडत, "अहो, त्यांना आधी पाणी तरी विचारा!" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पाण्याचा पेला घेऊन बाहेर येत. त्या घरात दारात आलेल्या माणसाला पाणी मिळत असे. कुरिअरवाल्यालासुद्धा.

त्यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असे. मी फोरबर्गला राहायला आलो त्या आठवड्यात ते मदतीला म्हणून आले आणि मी जोडलेलं कपाट त्यांनी मोजलं. डावी बाजू सहा मिलिमीटर खाली होती. मी म्हटलं, "दादा, दिसत तर नाही." ते म्हणाले, "डोळ्याला विचारू नकोस, पट्टीला विचार." कपाट रिकामं करून पुन्हा जोडेपर्यंत ते गेले नाहीत. ते एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत. तिथले सहकारी त्यांना घाबरत, असं वहिनी सांगत. त्यावर ते म्हणत, "घाबरत नाहीत गं. उशिरा घरी जातात, एवढंच."

पट्टीचं वाक्य त्यांच्या वडिलांचं. वडील भुसावळजवळ रेल्वेत चावीवाले होते. रूळ ज्या पाचरींनी जागेवर धरलेला असतो त्यांना चाव्या म्हणतात. चावीवाला रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो आणि सैल झालेली चावी हातोड्याने ठोकून बसवतो. वडिलांनी हे तेहतीस वर्षं केलं. सव्वापाचांच्या माळ्यावर वडिलांचा फोटो होता, हातोडा खांद्यावर, डोक्याला पंचा.

नेदरलँड्सला येण्याआधी सव्वापाच आठ वर्षं डब्लिनला होते. पहिल्या महिन्यात स्टेशनवर उभं असताना त्यांना रूळ ओळखीचे वाटले. मोजण्याची परवानगी कोणी देणार नव्हतं, म्हणून त्यांनी ग्रंथालयात जाऊन वाचलं. आपल्याकडचा मोठा रूळ साडेपाच फुटी, इंग्लंडचा आणि युरोपचा पाच फुटांच्या आत. आयर्लंडचा सव्वापाच. तिथे सुरुवातीला कंपन्यांची वेगवेगळी मापं होती. भांडण विकोपाला गेलं तेव्हा सरकारी तपासनिसाने सरासरी काढून हे माप ठरवलं. "म्हणजे हे माप मुळातच तडजोड आहे," ते म्हणत. "एकदा झालीय तेवढी पुरे."

आठ वर्षं दर सुट्टीला ते टेप आणि वही घेऊन बंद पडलेल्या लोहमार्गांवर फिरले. पश्चिमेकडच्या एका फाट्यावर जुनं स्टेशन होतं. रूळ कधीच उखडलेले, फलाटावर गवत. स्टेशनच्या इमारतीत एक म्हातारी विधवा राहत होती. हा कोण माणूस आपली खिडकी मोजतोय म्हणून ती काठी घेऊन बाहेर आली. नंतर तिने चहा दिला. तिचा नवराही रेल्वेत होता. रोज सकाळी हातोडा घेऊन रूळ तपासत चालायचा आणि सैल पाचरी ठोकायचा. सव्वापाचांनी हा प्रसंग मला अनेकदा सांगितला. प्रत्येक वेळी एकाच वाक्यावर थांबत, "तिच्या नवऱ्याचं आणि माझ्या बापाचं काम एकच."

फोरबर्गला आल्यावर ते इथल्या एका मॉडेल रेल्वे क्लबात जाऊ लागले. बारा सभासद. अध्यक्ष हेंक, निवृत्त शिक्षक. सव्वापाचांनी सुचवलं म्हणून क्लबने त्या आयरिश स्टेशनचा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडायची रुळांसकट प्रतिकृती, करायचं ठरवलं. प्रश्न रुळांचा आला. क्लबचं प्रमाण फुटाला चार मिलिमीटर, त्या हिशेबाने सव्वापाच फूट म्हणजे एकवीस मिलिमीटर. असे रूळ तयार मिळत नाहीत, रुळाखालचा एकेक स्लीपर हाताने बसवावा लागतो. दुकानात मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे. हेंक म्हणाला, "साडेचार मिलिमीटर. प्रदर्शनात कोण मोजतंय?" मतदान झालं. अकरा विरुद्ध एक.

त्यांची मुलगी यशोधरा तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट फोर पॉइंट फाइव्ह." ते म्हणाले, "खऱ्या रुळावर साडेतेरा इंच. तुझ्या आजोबांची नोकरी गेली असती."

तरीही त्यांनी क्लबला सगळं दिलं. वह्या, फोटो, नकाशे. स्टेशनची इमारत त्यांनी स्वतः बांधली, खिडक्यांच्या काचांसकट. बदल्यात एकच मागितलं. फलाट संपतो त्याच्या पुढे, रुळांच्या मधोमध, त्यांनी केलेला एक माणूस उभा राहील. उंची बावीस मिलिमीटर, पितळी तारेचा, खांद्यावर हातोडा. टोपी त्या विधवेच्या नवऱ्याची, चेहरा वडिलांचा. हेंक म्हणाला, ठरलं.

लेआउट पहिल्यांदा प्रदर्शनात लागला त्या सकाळी मीही गेलो होतो. फलकावर हेंकचं एकट्याचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'इथलं प्रत्येक माप जागेवर जाऊन, हाताने घेतलेलं आहे.' हे वाक्य सव्वापाचांच्या वहीच्या पहिल्या पानावरचं. हेंक आयर्लंडला कधी गेलेला नव्हता. मी फलकाकडे बोट दाखवलं. सव्वापाच म्हणाले, "नाव राहू दे रे. रुळावर मोजणाऱ्याचं नाव कुठे लिहितात?"

मग त्यांनी फलाटापलीकडे पाहिलं. तिथे फक्त एक बारीक भोक होतं. माणसाच्या पायाची पिन जिथे रोवलेली होती, ते.

"माणूस कुठे आहे?"

"काढला," हेंक म्हणाला. "चेहरा बघ ना त्याचा. आयर्लंडमध्ये असा माणूस कुठून येणार? लोक प्रश्न विचारतील."

"ठेवलाय कुठे?"

"असेल कुठल्या तरी डब्यात."

सव्वापाचांनी आवाज चढवला नाही. रात्री जेवताना वहिनींना एवढंच म्हणाले, "माळ्यावरचं सामान हलवावं लागेल." सोमवारी त्यांनी क्लबचा राजीनामा पाठवला. कारण या रकान्यात लिहिलं, 'माप'.

पुढची अडीच वर्षं त्यांनी माळ्यावर तेच स्टेशन पुन्हा बांधलं, एकवीस मिलिमीटरच्या रुळावर. रूळ बसवण्यासाठी पितळेचं माप त्यांनी घरीच घासून तयार केलं. मी कधी वर गेलो तर ते गुडघ्यावर बसलेले असत, तोंडात चिमटा. एकदा मी म्हटलं, "दादा, दुसरा माणूस करा ना. तुमच्या हातचाच आहे." त्यांनी चिमटा काढला. "बाप दुसरा करतात का?" फलाटापलीकडे त्यांनी भोक पाडलं आणि ते रिकामं ठेवलं.

उट्रेख्तजवळच्या त्या प्रदर्शनात टेबलं देशानुसार लावतात. आयर्लंडची टेबलं दोनच होती, त्यांचं आणि क्लबचं. अर्ज भरतानाच त्यांना हे माहीत होतं.

माप पहिल्यांदा एका लहान मुलीने उचललं. सव्वापाचांच्या रुळांमध्ये ते टक्कन बसलं. ती दोरी ओढत शेजारी गेली. तिथे ते रुळांवरच आडवं राहिलं, आत जाईना. ती मोठ्याने म्हणाली, "पास्ट नीत!" बसत नाही. त्यानंतर रांग लागली. सव्वापाच खुर्चीवर बसून डब्यातली थालीपीठं खात होते. त्यांनी एकाही माणसाला बोलावलं नाही. बाराच्या सुमारास एका छंद-मासिकाच्या बाईंनी शेजारचा फलक वाचून हेंकला विचारलं, "ही मापं कोणी घेतली?"

"क्लबने."

"क्लबमधल्या कोणी?"

हेंक उठून आमच्या टेबलाशी आला. चेहरा लाल झाला होता. "तुला काय हवंय?"

"माणूस."

"कुठला माणूस?"

"बावीस मिलिमीटरचा."

"तो हरवला."

"मग दोरी राहील," सव्वापाच म्हणाले. "माणूस आण, मी माझ्या हाताने कापीन." आणि त्यांनी त्याला थालीपीठ पुढे केलं. हेंकने घेतलं नाही. रविवारी दुपारी तीन वाजता त्याने आपल्या लेआउटवर चादर टाकली.

एक नोव्हेंबरला सव्वापाचांनी हेंकला पोस्टकार्ड पाठवलं. मजकूर दोन शब्दांचा होता, 'माणूस सापडला?' त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला तेच कार्ड, तेच दोन शब्द. वसंतात नीउ-व्हेनेपला प्रदर्शन होतं. तिथल्या आयोजकांनी तक्रार ऐकून दोन्ही टेबलं हॉलच्या दोन कोपऱ्यांत लावली. सव्वापाचांनी जाऊन अंतर मोजलं आणि अकरा मीटरची दोरी आणली. लोक वाटेत अडखळू नयेत म्हणून तिला पिवळ्या फिती बांधल्या. मासिकात छायाचित्र आलं ते दोरीचं. उन्हाळ्याआधी हेंक अध्यक्षपदावरून उतरला.

वहिनी अनेकदा म्हणाल्या, "अहो, सोडा आता त्याला. म्हातारा माणूस आहे."

"मी धरलाय कुठे? धरून तो बसलाय."

"किती दिवस चालणार हे?"

"चावी बसेपर्यंत."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणत, "तुम्ही तरी सांगा यांना." मी सांगितलं नाही. कार्डांचं डच मी तपासून देत होतो.

सव्वापाच या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. सकाळी छातीत दुखलं, हाउसआर्ट्सना, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, फोन झाला, रुग्णवाहिका वेळेत आली, उपयोग झाला नाही. अंत्यविधीला आमच्या रस्त्यावरची सहाही घरं होती. त्रिशरण, पंचशील झालं. यशोधरा आता एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकते. ती मराठी समजते, बोलत नाही. त्या दिवशी मात्र ती पंचशील पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत मोठ्याने म्हणाली. क्लबमधून चार जण आले होते. हेंक आला नव्हता. तोवर त्याला सोळा कार्डं गेली होती.

सतरावं कार्ड टेबलाच्या खणात सापडलं. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. एक मार्चला सकाळी वहिनींनी ते नेऊन पोस्टाच्या पेटीत टाकलं. मला नंतर सांगितलं. मी विचारलं, "तुम्हीच म्हणत होता ना, सोडा म्हणून?"

"ते असताना म्हणत होते," वहिनी म्हणाल्या.

चार मार्चला दुपारी हेंक त्यांच्या दारात आला. मी तेव्हा तिथे होतो, वहिनींना खेमेन्तेचे, म्हणजे नगरपालिकेचे, कागद भरून देत होतो. त्याच्या हातात काडेपेटी होती. तो म्हणाला की माणूस हरवला नव्हता, त्याच्या खणात होता, पहिल्या दिवसापासून. मी ते वहिनींना मराठीत सांगितलं. वहिनींनी काडेपेटी उघडली. सव्वापाचांची पोलादी पट्टी टेलिफोनशेजारी होती. त्यांनी माणूस पट्टीला लावून पाहिला. बावीस मिलिमीटर होता. हातोडा शाबूत होता.

हेंकने विचारलं, वर जाऊन लेआउट पाहता येईल का?

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. "नी," वहिनींनी डचमध्येच नाही म्हटलं आणि दार लावलं. हेंक एकूण सहा मिनिटं दारात उभा होता. त्याला पाणी विचारलं गेलं नाही.

माळ्यावर वहिनींनी फलाटापलीकडच्या भोकात पिन रोवली. माणूस ताठ बसला. मी भिंतीतल्या खिळ्यावर टांगलेल्या दोरीकडे पाहिलं आणि म्हटलं, "वहिनी, दादा म्हणाले होते, माणूस आला की कापीन."

"ते म्हणाले होते. मी नव्हते म्हणाले."

दोरी अकरा मीटरची आहे. काल संध्याकाळी पाहिली तेव्हाही ती त्याच खिळ्यावर होती, टोकाला पितळी माप बांधलेलं.