दाजींची पाण्याची फाइल

ताईचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी हिंजवडीजवळच्या आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी होतो. "विलास, तुझं दाजी गेलं रे. सावकाश ये, गाडी पळवू नको," एवढंच ती म्हणाली. नांदे गावातल्या आमच्या घरून बायकोला घेतलं आणि अकराच्या आत रिहे खोऱ्यातल्या ताईच्या गावी पोचलो. अंगणात माणसं जमली होती आणि अंगणातला नळ कोरडा होता. दाजींना आंघोळ घालायला पाणी हवं होतं. ते कुठला व्हॉल्व्ह फिरवल्यावर येतं, हे जमलेल्या माणसांपैकी एकालाही नक्की सांगता येईना. दोघं जण लोखंडी चावी घेऊन दोन ठिकाणी जाऊन आले. शेवटी शेजारच्या विहिरीवरून सात हंडे आणले. सव्वीस वर्षं त्या गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाची शेवटची आंघोळ शेंदलेल्या पाण्याने झाली. या गोष्टीला आज सहा आठवडे झाले, पण माझ्या डोक्यातून ती जात नाही.

सोपानदाजी गावचे वॉलमन होते. पहाटे टाकीपाशी जायचं, छातीइतकी उंच चावी खांद्यावर टाकून आळीआळीने फिरायचं, इकडचं बंद करून तिकडचं सोडायचं. चौतीस व्हॉल्व्ह. त्यातले निम्मे रस्त्याच्या सिमेंटखाली, काही कुणाच्या गोठ्याच्या भिंतीला लागून, दोन तर भाताच्या खाचरात. योजनेचा मूळ नकाशा कधीच हरवला होता. मी मोजमापात वाढलेला माणूस, त्यामुळे दर दिवाळीला मी त्यांच्या मागे लागायचो की दाजी, एकदा कागदावर काढू. ते कपाळावर बोट ठेवून म्हणायचे, "पाव्हणं, आख्खं गाव हितं हाय. कागूद भिजतो, ह्ये भिजत न्हाई."

आणि बिघाड झाला तो नेमका तिथेच. गेल्या उन्हाळ्यात एका महिन्यात तीनदा त्यांनी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. खालच्या आळीच्या बायकांनी रिकाम्या कळश्या घेऊन त्यांना गाठलं. "काय सोपानराव, आज आमचा उपास का? वरच्या आळीनं काय जेवाय घातलं?" दाजी एरवी दोन टोले परत देणारे, पण त्या दिवशी गप्प घरी आले आणि ताईला म्हणाले, "माझी ती... ती लोखंडी... कुटं ठिवली?" सव्वीस वर्षं हातात असलेल्या चावीचं नाव त्यांना आठवेना. ताईने मला फोन केला, आणि आठ दिवसांत मेंदूचा फोटो, भरती आणि ऑपरेशन सगळं झालं. तेव्हापासून पंचायतीचा शिपाई सापडतील तेवढे व्हॉल्व्ह अंदाजाने फिरवत होता, जाईल त्या आळीला पाणी.

ऑपरेशननंतर डॉक्टरबाईंनी संगणकावर आधीचा फोटो दाखवला. मेंदूत गाठ होती. गाठीभोवती पांढरं कडं चमकत होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं, की गाठ भराभर वाढते तेव्हा तिला रक्त अपुरं पडतं. मग ती संदेश सोडून आपल्या आपण नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते. त्या वाहिन्या धड नसतात, जाडजूड, गुंतलेल्या आणि पाझरणाऱ्या असतात. फोटो काढताना शिरेतून दिलेलं औषध तिथून बाहेर झिरपतं, म्हणून फोटोत ते कडं उजळतं, आणि त्या पाझरण्याने मेंदूला सूजही येते. दाजी डोक्याला पट्टी बांधून पलंगावर बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी चोरून जोडल्यालं कनेक्शन. फार्महाऊसवाल्यांवानी. ना पंचायतीला इचारलं, ना मिस्त्री बघितला. घावंल तो पाइप जोडला. त्याला गळती असतीयाच बाई." डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, "काका, मला इतकं सोपं सांगता आलं नसतं."

जाताना त्या मला म्हणाल्या, गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी पाठवली आहे, आयडीएच नावाच्या जनुकात बदल आढळतो का ते पंधरा दिवसांत कळेल, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मी तारीख वहीत लिहून घेतली. बदल आढळला तर चांगलं की न आढळला तर चांगलं, हे मात्र मी विचारलं नाही. मी दिवसाला दीडशे सुटे भाग तपासतो. मापाची कुठली बाजू पास आणि कुठली नापास हे ठाऊक नसताना मी एका नटबोल्टवरही सही करणार नाही. तिथे मी विचारलंच नाही, कारण मला ते ठाऊक आहे असंच मी धरून चाललो होतो.

अहवाल गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवर आला. इंग्रजीत होता, पण ओळ सरळ होती. बदल आढळला नाही. आमच्या कारखान्यात दोष आढळला नाही म्हणजे माल पास. मी तो दाजींच्या फोनवर पाठवला आणि तिथूनच त्यांना फोन केला. "दाजी, रिपोर्ट आला. आढळला नाही!" पलीकडून त्यांचं ते खर्जातलं हसू आलं. "न्हाई आढळला? मंग प्यायला चालतंय की!" ते दरवर्षी गावच्या पाण्याचा नमुना तपासायला देत आणि परत आलेल्या कागदावर 'जंतू आढळले नाहीत' एवढंच बघून कागद फाइलला लावत. त्या दिवशी ताईने शेजाऱ्यांना जिलेबी वाटली.

त्याच रविवारी मी आलेखाचे कागद घेऊन गेलो होतो. शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू होण्याआधी नकाशा करायचा असं आमचं आधीच ठरलं होतं. दाजींनी टाकीपासून सुरुवात केली, पावलं मोजून अंतरं सांगितली, आणि चार व्हॉल्व्ह कागदावर आले. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बास. आता काय घाई हाय? रिपोट चांगला हाय. आधी भात लावून हू द्या, मंग निवांत बसू." मला ते पटलं. मीच कागद गुंडाळून ठेवले.

आठ दिवसांनी शेकाची तारीख घ्यायला मी एकटाच दवाखान्यात गेलो आणि बोलता बोलता म्हणालो, बरं झालं बदल आढळला नाही ते. डॉक्टरबाईंनी पेन थांबवलं. त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, पान अजून आहे. हा बदल ज्या गाठीत असतो ती सहसा हळू वाढते, तिच्या रक्तवाहिन्याही इतक्या रानटी नसतात. ज्या गाठीत तो नसतो तिच्यात दुसरे बदल असतात, आणि त्यातले काही नव्या वाहिन्यांचे संदेश सतत चालूच ठेवतात. थोडक्यात, तो बदल सापडायला हवा होता. मी विचारलं, मग किती दिवस? त्या म्हणाल्या, "वर्ष धरू नका."

परत येताना पौडच्या स्टँडसमोर गाडी थांबवून मी चहा घेतला. तिथे मी ठरवलं की ताईला सांगायचं, दाजींना नाही. ताईने ऐकता ऐकता चुलीतलं लाकूड मागे ओढलं, म्हणाली, "जिलेबीचं त्यास्नी लई बरं वाटलं हुतं रं." पुढे मी दोनदा नकाशाचा विषय काढला. ते म्हणायचे, "तुमाला लई घाई. मी कुटं चाललुया?" याचं खरं उत्तर मला माहीत होतं. मी दोन्ही वेळा हसलो.

तीस शेक झाले. तेवढ्यात शब्द एकेक करून गेले, आधी वस्तूंची नावं, मग माणसांची. दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्या वाहिन्या आवळणारं इंजेक्शन सुरू केलं. आधीच सांगितलं, याने फोटो सुधारेल, सूज उतरेल, आयुष्य वाढेलच असं नाही. तसंच झालं. पुढच्या फोटोत पांढरं कडं पुसट झालं होतं. दाजी काठीशिवाय अंगणात आले, नळ सोडून पाण्याखाली हात धरून उभे राहिले. मी त्यांना म्हणालो, "दाजी, गळती थांबली." ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "गळती थांबली... म्हंजी पानी वाढलं न्हाई." हे त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं धड वाक्य. दुसऱ्या दिवशी मी ते आलेखाचे कागद त्यांच्या मांडीवर उलगडले. टाकी, चार व्हॉल्व्ह, त्यांच्याच हातच्या रेघा. त्यांनी कागद उजेडाला धरला, फिरवून बघितला आणि मला विचारलं, "ह्ये... कुटलं गाव?"

मला लोक म्हणतात, न सांगितलंस ते चांगलं केलंस, माणूस आशेवर राहिला. मला तसं वाटत नाही. माझ्या हिशेबाने, खरं कळल्यापासून शेक संपता संपता दाजींच्या डोक्यातली नावं जाईपर्यंत त्रेपन्न दिवस मिळाले होते. दिवसाला एक व्हॉल्व्ह धरला तरी तीस व्हॉल्व्ह होऊन तेवीस दिवस उरत होते, ताईशी आणि त्यांच्या पोरीशी जे बोलायचं ते बोलायला. त्या दिवसांचं काय करायचं हे त्यांनी ठरवायला हवं होतं. ते मी ठरवलं. आता पंचायतीने रस्ता तीन ठिकाणी खणला आहे, दोन व्हॉल्व्ह सापडले. बाकीचे सापडतील असं मला वाटत नाही, आणि सापडले तरी कुठल्याने कुणाला पाणी जातं हे सांगणारा आता नाही.

परवा ताईकडे गेलो होतो. चावी पडवीत भिंतीला टेकवलेली आहे, मुठीजवळचं लोखंड झिजून गुळगुळीत झालंय. तिच्या वरच्या खिळ्याला फाइल लटकलेली. जुन्या कागदांत कुठे अंतरं लिहिली असतील म्हणून मी ती उतरवली. दर वर्षीचे पाण्याचे अहवाल एकावर एक, प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने 'ठीक' आणि खाली दाजींची वाकडी सही. सगळ्यात वर मी फोनवर पाठवलेला तो गाठीचा अहवाल होता. पौडला जाऊन छापून आणला होता कधीतरी. त्याच्याही कोपऱ्यात 'ठीक', खाली सही...

चुकीची नोंद मी राहू देत नाही. लाल रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, असा माझा अठ्ठावीस वर्षांचा शिरस्ता. मी खिशातून पेन काढलं, पण रेघ मारता येईना. आमच्याकडे दुसराही एक नियम आहे, खराब माल पास झाला तर ज्याने पास केला त्याची सही कागदावर लागते. मी दाजींच्या सहीखाली माझी सही केली, तारीख घातली, आणि फाइल परत खिळ्याला लावली.