खिंडीतलं बेणं

त्या उंचावरच्या गावात तिला सगळे 'धुणेवाली' म्हणत. कपड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं घरातलं सगळं बेणं, म्हणजे पुढच्या लागवडीला राखलेले बटाटे, घासूनपुसून धुऊन काढलं होतं.

तिचं माहेर खाली सपाटीला. तिकडची माती चिकट, बटाट्याला अशी बिलगते की धुतल्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्यामुळे घरची माणसं शेतावर गेल्यावर नवी सून मोठ्या हौसेनं बाह्या सरसावून हौदाशी बसली.

सासू परतली ती ते ओले, चकचकीत ढीग बघून दारातच मटकन बसली.

"अगं बाई, आंघोळ घातलीस होय त्यांना?"

"माती होती, सासूबाई."

"माती नव्हे, पांघरूण होतं ते! आता सडतील की सगळे. लावायचं काय, तुझं कपाळ?"

सुनेला रडूच फुटलं. घरात दुसरं बेणं नव्हतं. येतं पीक तिच्या हातानं गेलं होतं.

"रडशील मागाहून. पाटी उचल, खिंडीत चल."

खिंडीत वारा कोरडा आणि बोचरा. दोघींनी तिथल्या एका दगडी भिंतीच्या सावलीत, फरशांवर एकेक बटाटा सुटा मांडला. सुनेचे दात वाजत होते.

"एवढी उबदार दरी खाली असताना इथं कुणी घरं बांधली हो?"

"आधी दरीतच होती. तिथं ओल, पानांवर मावा किडीचा, बेणं टिकेना. वर राखेसारखी भुरभुरीत माती आणि हा वारा सापडला. मग घरं उचलून इकडे आणली. माणसांनी कुडकुडायचं, बटाट्यांनी जगायचं."

सुनेनं मान वळवली. प्रत्येक घराची पाठ उन्हाकडे, झरोके खिंडीकडे. गल्ल्यासुद्धा वारा जाईल तशा तिरक्या. हे गाव माणसांसाठी वसलेलंच नव्हतं! बटाट्यांचं घर होतं हे, आणि माणसं त्यात पोटभाडेकरू. कोण कुठली माणसं ती, एका कंदापायी अख्खा डोंगर असा वाचून गेली.

संध्याकाळी हिवाच्या भीतीनं पाट्या आत, सकाळी परत बाहेर. मऊ पडले ते वेचून फेकले. उरलेल्यांची साल उजेडानं हिरवट, राठ झाली. मग एका सकाळी त्यांच्या डोळ्यांतून आखूड, जाड, जांभळे कोंब वर आले. सासूनं एक बटाटा दाबून बघितला.

"टणक आहे. वाचलीस."

लागवडीच्या दिवशी सुनेनं पहिलं बेणं सरीत ठेवलं, वर मूठभर माती सोडली. ती बोटांतून पाण्यासारखी सळसळत गेली, तळव्याला कणभरही चिकटली नाही. तिनं दुसरी मूठ घेतली, मग तिसरी. सुटत्या मातीकडे ती खुळ्यासारखी बघतच राहिली.

"अगं, पुढं सरक," मागून सासू ओरडली, "अख्खी ओळ खोळंबलीय तुझ्यापायी!"