दोन दगडांचा घाट

वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर काळा दगड, पलीकडच्या काठावर पांढरा. काळा बुडला की डोंगा बंद. मालगुजाराच्या काळापासून घाटाचा कायदा एवढाच. मालगुजारी गेली, जनपद सभा आली, मग जिल्हा परिषद; घाटाचा लिलाव कधी या टेबलावर झाला, कधी त्या. दगडाला कोणी हात लावला नाही. पांढरा तर नुसता डोंग्याचं दावं बांधायला होता.

नव्याण्णव साली जिल्हा तुटला. अलीकडचा काठ भंडाऱ्यात राहिला, पलीकडचा गोंदियात गेला. चार वर्षांनी तिकडून कागद आला: आमच्या काठावरून डोंगा सुटायचा तर दगड आमचा पाहायचा. पांढरा बुडल्यावर सवारी घेतली तर परवाना रद्द. साहेब नवे, त्यांना दगड दिसला, दावं दिसलं नाही. तो काठ सखल. श्रावणात पांढरा दगड आठवड्यातून दोनदा बुडतो.

नवरा वारल्यापासून परवाना कौशल्याबाईच्या नावावर. श्रावणातल्या एका सकाळी तिनं बावीस बाया पलीकडे धानाच्या रोवण्याला सोडल्या. त्यात तिची सून विजयमालाही. घरी चार महिन्यांची पोर ठेवून आलेली. दुपारपासून पाणी चढलं. तीन वाजता कौशल्याबाई बायांना आणायला पोचली, तेव्हा पांढरा दगड बुडालेला, आणि तिथं छत्री धरून पोलीस पाटील बाबुलाल उभा.

"परत जाय वं बाई. घाट बंद."

"रिकामी जाऊ?"

"रिकामी जाय. सवारी नाही."

"बाबुलालभाऊ, काळा दगड चार बोटं उघडा हाये. पाहून आली मी."

"तो तुमच्या जिल्ह्याचा."

"आन् नदी कोन्या जिल्ह्याची गा?" मागून एकीनं टोला हाणला. चिखलानं माखलेल्या बाया हसल्या. कौशल्याबाई हसली नाही. पाण्यात पळसाच्या फांद्या वाहत होत्या; अख्खं झाड अजून नव्हतं. बावीस बाया म्हणजे तीन खेपा. तिसरीपर्यंत काळाही गेला तर?

विजयमाला जवळ आली. "बाई, दूध वाहून राहिलं माह्यं. पोरगी रडत असन."

"बसा आठ जनी," कौशल्याबाई म्हणाली. "तू थांब. घरचं मानूस शेवटी."

बाबुलाल कासावीस झाला. "मले लेहा लागते वं! मी थांबवलं, तू आयकली नाही, असं!"

"लेहा."

पहिली खेप झाली. दुसरी झाली. उतरलेल्या बाया काठावरच उभ्या राहिल्या. काळा दगड आता एक बोट उरला होता. कौशल्याबाईनं वल्ह्याची ओली मूठ पदरानं पुसली आणि डोंगा परत लोटला.

तिसऱ्यांदा ती पलीकडे टेकली, तेव्हा बाबुलालनं वही छातीशी धरलेली. आवाज खाली आणून तो म्हणाला, "आयक. दोनच खेपा लेहतो. दगड बुडाच्या आधी गेल्या, असं लेहतो. तुहा परवाना राहून जाईन. ह्या सहा जनी पूर उतरेपर्यंत माह्या घरी राहतीन. तिकडं काहून जीव घालतं?"

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरी भात होता, ओसरी होती. विजयमाला पाण्यात गुडघाभर उभी, लुगडं छातीशी आवळून.

"तीनही लेहा भाऊ," कौशल्याबाई म्हणाली. "खरी वेळ टाका." मग सुनेकडे न बघता, "बस."

मधल्या धारेत डोंगा दोनदा फिरला. काठ लागला तशी विजयमाला चपला तिथंच टाकून घराकडे पळाली.

काळा दगड दिसत नव्हता, आणि पलीकडच्या वहीत तीन खेपा लिहिलेल्या होत्या. कौशल्याबाईनं बायांना हाक मारली. नदी आटल्यावर, चैतात करायचं काम तिनं त्या श्रावणातच केलं: सगळ्यांनी मिळून डोंगा ओढत पार चिंचेच्या झाडापर्यंत वर नेला आणि पालथा घातला.