सुई कुणाची

बारामतीत आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते. तिच्यावर कन्हेरीहून येणारी एक बाई कचरा वेगळा करायला असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक पिशवी उघडण्याआधी ती बाहेरून तळहातानं हलकेच दाबून बघायची. "काच लगेच कळती, दादा," ती म्हणायची. "सुई कळत न्हाय."

एका सकाळी तिच्या अंगठ्यात सुई घुसली. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला अंगठा घेऊन ती दारोदार विचारत आली.

"भांडायला आली न्हाय, दादा. डॉक्टर म्हणत्यात, सुई कुणाची ते कळलं अन् त्या माणसाला रोग नसला, तर मला गोळ्या नकोत. तुमच्याकडं कुणी इंजेक्शन घेतं का?"

माझ्या आईला मधुमेह आहे. तिची इन्सुलिनची सुई मीच ओल्या कचऱ्यात टाकली होती. नुकत्याच झालेल्या ऑपरेशनआधी तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि त्यांत एचआयव्ही, कावीळ असलं काहीही निघालं नव्हतं. पण शेजारी दारात उभे राहून ऐकत होते. मी म्हणालो, "नाही बुवा."

"बरं," म्हणून ती पुढच्या दाराकडं वळली.

महिनाभर तिनं त्या गोळ्या घेतल्या. कधी कधी आमच्या कोपऱ्यावरच गटारीशी वाकून ती ओकायची आणि तोंड पुसून पुन्हा पिशव्या उचलायला लागायची.

एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "लई मळमळतंय, दादा. पाणी देता का?"

मी पाणी दिलं. तेवढंच दिलं.