लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट

माझे यजमान चाळिशीच्या आतच गेले. हिंगणघाटच्या आमच्या कापड दुकानात गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवताना छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर देवावरचा विश्वास उडाला असं मी म्हणणार नाही. पण महादेवाच्या देवळासमोर पावलं थांबेनाशी झाली. त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं, मुलीचं रक्त तपासून घ्या. लेक दहावीत, अंगानं काडीसारखी. तिला कसलं कोलेस्टेरॉल! तरी वर्ध्याला नेऊन उपाशीपोटी रक्त दिलं. रिपोर्ट पाहून तिथले डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "वडिलांचंच हिच्यात आलंय. आज आजार नाही, पण पुढे हृदयाला धोका आहे. गोळी सुरू करावी लागेल, बहुधा कायमची."

लेक पाणी प्यायला गेली आणि मी बाहेरच्या बाकावर कोसळले. नवरा नेलास, आता हिच्याही रक्तात तेच घातलंस? दुसरं काही मनात येतच नव्हतं.

शेजारी वडनेरची एक वयस्क बाई बसली होती. "काऊन रडून राह्यली माय?" तिनं विचारलं. मी रिपोर्टचं सांगितलं. ती माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "माह्या मोठ्या पोराचं रक्त कोणी पाह्यलंच नाई. वावरातून आला, निजला, अन् गेला. आता धाकट्याले घेऊन आली मी. तुह्या पोरीचं वेळेवर समजलं, बाई. गोळी चुकू देऊ नोको." माझ्या पाठीवरून तिनं हात फिरवला. तेवढ्यात तिच्या धाकट्याचं नाव पुकारलं गेलं आणि ती त्याच्यासोबत आत गेली.

दुःख हलकं झालं नाही. पण त्या बाकावरच, कितीतरी महिन्यांनी, मनातून प्रार्थनेचे शब्द उमटले: महादेवा, ही तुझ्या स्वाधीन.

भीती आजही आहे. लेक जिना चढून धापा टाकू लागली तरी माझं काळीज हलतं. औषधानं आकडा उतरलाय. पुढचं मी महादेवावर सोडलंय. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मला सावरायला ती आली, तिच्या मोठ्यासाठी वेळेवर कोणीच आलं नव्हतं. हे आठवलं की नुसते आभार मानून भागत नाही. लेकीसाठी मागणं मागून झालं की मी त्या बाईच्या धाकट्यासाठीही मागते.