अर्जातलं नाव

थंडी पडली की मेनरोडजवळच्या फुटपाथवर तिबेटी बायका स्वेटर घेऊन बसायच्या. त्यांतली एक आमच्या घरची झाली होती. आमची कॉलनी बौद्धांची. घरात आली की ती आधी बुद्धाच्या तसबिरीपुढे डोकं टेकवायची, मग आईच्या हातचा चहा. उन्हाळ्याआधी परत जाताना न विकलेल्या स्वेटरांचं गाठोडं आमच्या पलंगाखाली ठेवून जायची.

एकदा तिने आईला सांगितलं, तिचा भाऊ तिकडे तिबेटात, चिन्यांच्या तुरुंगात आहे. घरात धर्मगुरूंचा फोटो सापडला, एवढंच कारण. वर्षातून एकदा नेपाळमार्गे येणाऱ्या कुणा व्यापाऱ्याच्या तोंडी निरोप यायचा, जिवंत आहे म्हणून. तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तिबेटी लोकांच्या मानवी हक्कांसाठी सह्या गोळा करायच्या, असं आम्ही विहारातल्या चौघांनी ठरवलं आणि घरोघर फिरलो. ‘आपल्या नळाला पाणी नाय, अन् तुम्ही भाजा लष्कराच्या भाकरी,’ असं म्हणत लोक सही करायचे. करायचे मात्र.

मसुदा माझ्याकडे आला, कारण मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून. मोघम अर्ज साहेब बाजूला सारतो, हे माझं नोकरीतलं ज्ञान. उदाहरण पाहिजे, नाव-गावासकट. म्हणून मी तिच्या भावाचं नाव घातलं, गाव घातलं, तुरुंग कुठला तेही घातलं. अर्ज रजिस्टर पोस्टाने दिल्लीला, थेट चीनच्या वकिलातीकडे गेला. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आपण चांगलं काम करतोय म्हटल्यावर विचारायचं कशाला?

अर्जाची प्रत घेऊन मी फुटपाथवर गेलो. शाबासकी हवी होती, दुसरं काय. हिंदीत वाचून दाखवलं. भावाचं नाव आलं तसे स्वेटरची घडी घालणारे तिचे हात थांबले.

‘‘ये भेज दिया?’’

‘‘हो. परवाच.’’

तिने कागद हातात घेतला. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, तरी खालच्या सह्यांवरून बोट फिरवत राहिली.

‘‘इसमें तेरा नाम किधर है?’’

माझं नाव नव्हतंच. सरकारी खात्यातला माणूस मी, असल्या भानगडीत सही दिसली तर नोकरीवर बेतायचं, म्हणून मी ती केली नव्हती. तसं तिला सांगितलं.

‘‘हां,’’ ती म्हणाली, ‘‘नौकरी चली जाएगी.’’ आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली.

त्या वर्षी जाताना तिने गाठोडं आमच्याकडे ठेवलं नाही. आईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, ‘‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस, अन् खांदा कुणाचा ते तरी बघायचंस.’’ पुढे आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या थंडीत ती स्वेटरवाली परत आली. आईच फुटपाथवर जाऊन विचारून आली. भावाचा निरोप आला नव्हता. त्याच्या पुढच्या थंडीतही नाही. दुसरीही कारणं असतील, असं तीच आईला म्हणाली.

नंतर आम्ही आणखी एक अर्ज केला. त्यात कुणा कैद्याचं नाव नव्हतं. पहिली सही माझी, हुद्द्यासकट. मेमो येईल म्हणून वर्षभर वाट पाहिली. ऑफिसात कुणी विचारलंसुद्धा नाही.