नारगोलच्या बंगल्यात ट्यूबलाइटची फर्माईश

ह्यांच्या कारखान्याच्या शेठच्या परदेशी पाहुण्याने ऐनवेळी दांडी मारली आणि नारगोलच्या समुद्रकाठचा अख्खा बंगला दोन दिवसांसाठी आमच्या पदरात पडला. पैसे आधीच भरलेले होते. “जाओ, तमे फरी आवो,” म्हणजे तुम्हीच फिरून या, म्हणत शेठने पावती आमच्या ह्यांच्या हातात दिली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे सुरतजवळ उधन्यात वीस वर्षं साच्यांवर कापड विणत होते. त्या खडखडाटात कान जातील, म्हणून मी मागे लागले होते, की कापडाच्या घड्या घालायचं शांत काम मागून घ्या. शेठ तयार होता. पगार जरा कमी होता, आणि ह्यांचं पालुपद एकच: “माले सगळं ऐकू येस.” या दोन दिवसांत पटवायचंच, असं ठरवून मी दशम्या बांधल्या.

सकाळच्या पॅसेंजरने उंबरगावला उतरलो. रिक्षावाल्याने साठ सांगितले, मी चाळीसवर आणला. तुम्ही गेलात तर ताडगोळे स्टेशनबाहेरच घ्या, पुढे दुकान म्हणून नाही.

सुरूच्या बनात चार बंगले, एकाला दुसरा दिसत नाही असे. न्हाणीघर आमच्या खोलीहून मोठं. तिथल्या टबात मी सवयीने कपडे भिजत घातले. त्यात माणसांनी भिजायचं असतं हे मॅनेजरने हात जोडून सांगितलं. ओसरीपुढे मेंदीचं उंच कुंपण, त्यापलीकडे भरतीच्या लाटा नुसत्या आदळत होत्या. हे खुर्चीत पाय पसरून बसले आणि म्हणाले, “समुद्र आज बंद शे का?” वीज गेली की साचे बंद पडतात ना, तसं विचारलं त्यांनी. मी पोट धरून हसले.

संध्याकाळी अंगणात टेबल मांडलं. पापलेट झकास होतं, पण मीठ कमी. दोन मेणबत्त्या लावून मॅनेजर अदबीने मागे सरकला. मी मुद्द्याला हात घातला आणि घडीच्या कामाचे सगळे फायदे सांगितले. हे एकाएकी मॅनेजरला म्हणाले, “भैया, ट्यूबलाइट लगाव. इनका मुंह नहीं दिखता.”

मॅनेजर लाजला. मीही लाजले. मग माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मी पाणी आणायचं निमित्त करून उठले, ह्यांच्या पाठीमागे गेले आणि मोठ्याने हाक मारली, “ओ पप्पूना बाप!”

मॅनेजर दचकला. हे काटे काढत राहिले.

साच्यांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, ओठ बघून बोलणं ओळखतात. घरीही हे मी बोलताना टक लावून बघायचे, आणि मी बहिणींत मिरवायचे, की माझा नवरा माझ्यावरून नजर हलवत नाही! मी परत ह्यांच्या समोर येऊन बसले तेव्हा मला रडूच आलं.

“कितला दिन व्हयनात?” मी विचारलं.

“चार वरीस,” हे ताटात बघत म्हणाले. “घडीना कामनी कमाई कमी व्हती ना.”

दुसऱ्या दिवशी टबात मनसोक्त डुंबून आम्ही परतलो. सोमवारी ह्यांनी स्वतःहून शेठकडे घडीचं काम मागितलं. उरलंसुरलं ऐकणं त्यामुळे टिकलं, असं डॉक्टर म्हणतात.

बंगला सुंदरच होता, जरूर जा. माझ्यापुरतं सांगायचं तर मी तिथून एक सवय घेऊन आले. भांडण कितीही पेटलं तरी मी ह्यांच्याकडे पाठ करून बोलत नाही. चांगलं समोर बसून, उजेडात भांडते.